इन्सुलिनचं जनुक: माणसात एक, उंदरात दोन, आणि माझे वाया गेलेले तीन आठवडे

पिपेटवाली

नमस्कार मंडळी. एरवी इथे वाचनमात्र असते, पण आज लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही.

पीएचडीचं दुसरं वर्ष चालू आहे. काम उंदराच्या स्वादुपिंडावर. बीटा पेशींत, म्हणजे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींत, इन्सुलिनचं आरएनए (जनुकावरून उतरवलेली कामाची प्रत) किती बनतं ते मोजायचं, एवढंच. आरएनए काढताना त्यात थोडी डीएनएची भेसळ राहतेच. ती पकडायची जुनी युक्ती अशी: एक प्रायमर (डीएनएची नक्कल जिथून सुरू होते तो छोटा तुकडा) दुसऱ्या एक्झॉनवर बसवायचा, दुसरा तिसऱ्या एक्झॉनवर. मधला इंट्रॉन डीएनएत असतो, तयार आरएनएतून तो कापून टाकलेला असतो. म्हणजे आरएनएवरून आलेला तुकडा आखूड, डीएनएवरून आलेला लांब. तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर आखूड खाली पळतो, लांब वर अडकतो, प्रत्येकाचा एक पट्टा, म्हणजे बँड, दिसतो. चोर आपोआप उघडा पडतो.

माणसाच्या इन्सुलिन जनुकाचा नकाशा पाठ होता. तीन एक्झॉन, दोन इंट्रॉन. डेटाबेसात ‘माऊस इन्सुलिन’ शोधलं, एक जनुक मिळालं, तेही तीन एक्झॉन नि दोन इंट्रॉनचं. म्हटलं, झालं काम. प्रायमर मागवले.

जेल चालवलं. एका लेनमध्ये नेहमीसारखा कंट्रोल होता: सगळं तेच, फक्त आरएनएचं डीएनए करणारं एन्झाइम, म्हणजे आरटी, घातलेलं नाही. तिथे खालचा आखूड बँड दिसायलाच नको. आणि दिसला. चांगला लख्ख. त्याच्या बराच वर आणखी एक फिकट बँड होता, त्याच्याकडे मी ढुंकून पाहिलं नाही.

माझा निष्कर्ष: कुठेतरी सीडीएनए, म्हणजे आरएनएवरून बनवलेलं डीएनए, सांडलंय. मग पाणी बदललं. टिप्सचे डबे बदलले. पिपेट उघडून पुसले. ओटा ब्लीचने धुतला. शेजारणीच्या बाकावर जाऊन तिच्या पाण्याने प्रयोग केला. बँड जागचा हलेना. एन्झाइमची नळी नवी, बफर नवा, शेवटी हातमोज्यांच्या ब्रँडवर संशय. तीन आठवडे.

परवा एक सीनियर माझ्या खांद्यावरून फोटो बघत चहा पीत होता. म्हणाला, “कुठलं इन्सुलिन?”

मी म्हटलं, कुठलं म्हणजे? इन्सुलिन!

तो कप घेऊन निघून गेला. पुढचं मी रात्री वाचलं. उंदराला इन्सुलिनची दोन जनुकं असतात. इन्स२ सातव्या गुणसूत्रावर, त्यात आपल्यासारखेच दोन इंट्रॉन. इन्स१ एकोणिसाव्या गुणसूत्रावर, त्यात पहिला इंट्रॉन आहे आणि दुसरा नाहीच. माझे प्रायमर नेमके अशा जागी बसले होते जिथे दोन्ही जनुकांची अक्षरं जुळतात. त्यामुळे इन्स१चं डीएनए ‘आरएनए’चा वेष घेऊन खाली पळत होतं. आणि तो फिकट वरचा बँड होता इन्स२चं डीएनए, पोटात पाचशेच्या आसपास अक्षरांचा इंट्रॉन घेऊन. पुरावा पहिल्या दिवसापासून समोर होता. भेसळ सीडीएनएची नव्हतीच, साध्या डीएनएची होती.

कुणाला यातलं अधिक माहीत असेल तर लिहा. आणि हसायचं असेल तर हसून घ्या.

वाचनखूण

हसलो. मग वाखुसा (वाचनखूण साठवली). तीन आठवडे म्हणजे स्वस्तात सुटलात. आमच्याकडे एकाचं अख्खं सेमिस्टर चुकीच्या प्रजातीच्या अँटीबॉडीत गेलं होतं.

आबा_सातारकर

पिपेटवाली ताई, मी बावीस वर्षं इन्सुलिन टोचतोय. फ्रिजच्या दारात कोथिंबिरीच्या शेजारी माझी बाटली असते, तेवढीच माझी इन्सुलिनशी ओळख. हे एक्झॉन, इंट्रॉन काय प्रकरण आहे? कळेल असं सांगा. गणित सोडून आमचं डोकं ठीक आहे.

पिपेटवाली

आबा, आईची पाककृतींची जुनी वही आठवा. चकलीची कृती चालू आहे, मध्येच चार ओळी दुधाचा हिशेब, मग परत चकली, मग वाण्याची उधारी, मग चकलीचा शेवट. करताना आपण हिशेब गाळून वाचतो. कृतीचे तुकडे म्हणजे एक्झॉन, मधले हिशेब म्हणजे इंट्रॉन. पेशी आधी हिशेबासकट सगळं उतरवून घेते, मग हिशेब कापते, मग स्वयंपाकाला लागते.

तुमचं माझं इन्सुलिन जनुक अकराव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेच्या टोकाशी आहे. फार लहान, सगळं मिळून १४००च्या आसपास अक्षरं. पहिला हिशेब १७९ अक्षरांचा, तो प्रथिनाचा मजकूर सुरू व्हायच्या आधीच येतो. दुसरा ७८६चा, तो मात्र ऐन मजकुरात घुसलेला.

मजकूर ११० अमिनो आम्लांचा. त्यातली पहिली २४ नुसतं प्रवेशपत्र, आत शिरताना कापली जातात. मग ३०ची बी साखळी, जोडाच्या २ कड्या, ३१चा सी-पेप्टाइड, परत २ कड्या, शेवटी २१ची ए साखळी. सी-पेप्टाइड कापून पडतो आणि बी नि ए मिळून ५१चं इन्सुलिन उरतं. डॉक्टर कधी कधी ‘सी-पेप्टाइड करून या’ म्हणतात ना, तो हाच कापून पडलेला तुकडा. शरीर स्वतःचं इन्सुलिन बनवतंय का ते त्यावरून कळतं, कारण बाटलीतल्या इन्सुलिनबरोबर तो येत नाही.

दुसरा इंट्रॉन या सी-पेप्टाइडच्याच मजकुरात आहे. उंदराच्या इन्स१मध्ये गायब झालाय तो हा.

चिकित्सक

छान लिहिताय, पण एक शंका. इन्स१ ही नक्कल आणि इन्स२ मूळ, असं सगळे गृहीत धरतात. उलटं का नसावं? आधी एक इंट्रॉनवालं होतं आणि नंतर दुसऱ्यात एक इंट्रॉन घुसला, असं का नाही? ‘माणसासारखं ते मूळ’ हा आपला नेहमीचा अहंकार आहे.

पिपेटवाली

शंका रास्त आहे, आणि अहंकार बाजूला ठेवूनही उत्तर मिळतं. कोंबडी बघा. कोंबडीच्या इन्सुलिन जनुकात दोन्ही इंट्रॉन आहेत, त्याच दोन जागी, फक्त दुसरा आपल्यापेक्षा कितीतरी लांब. पक्षी नि सस्तन वेगळे होऊन युगं लोटली. कोंबडी, माणूस, इन्स२ या तिघांत नेमक्या त्याच अक्षराशी इंट्रॉन असेल तर तो आधीपासूनचा. इन्स१मधून तो गेला, हेच सरळ.

शिवाय शेजार बघा. माणसात टायरोसिन हायड्रॉक्सिलेजचं जनुक, मग इन्सुलिन, मग आयजीएफ२, असा क्रम आहे. उंदराच्या सातव्या गुणसूत्रावर इन्स२च्या दोन बाजूंना तीच दोन जनुकं. घर बदललं नाही, शेजारी बदलले नाहीत. इन्स१ मात्र एकोणिसाव्यावर जाऊन अनोळखी वस्तीत बसलंय.

चिकित्सक

शेजाऱ्यांचा मुद्दा पटला. पण मग जनुकाची प्रत तिकडे गेली कशी? आणि एक इंट्रॉन टाकून एक ठेवून? अर्धवट का?

बीजगणित

इथे मी घुसतो, हा माझा आवडता भाग आहे.

डीएनएचा तुकडा सरळ दुप्पट झाला तर इंट्रॉन सगळे तसेच येतात. इंट्रॉन अक्षराच्या अचूकतेने नाहीसा झाला असेल तर मध्ये आरएनए आलं होतं, असं समजायचं. आरएनए बनलं, कापाकापी झाली, आणि मग ते उलटं डीएनएत उतरून दुसरीकडेच घुसलं. इन्स१च्या बाबतीत कापाकापी अर्धी झाली असताना हे घडलं. पिपेटवालींच्या वहीतच सांगायचं तर कुणीतरी कृती दुसऱ्या वहीत उतरवून घेतली, वाण्याची उधारी गाळली, पण दुधाचा हिशेब कृतीचाच भाग समजून लिहून काढला. दोन वह्या शेजारी ठेवल्या की कुठली मूळ ते पोरही सांगेल.

हे रॅटमध्ये आधी कळलं. रॅटची दोन्ही जनुकं १९७९मध्ये वाचली गेली. इंट्रॉन म्हणून काही असतं हे कळूनच जेमतेम दोन वर्षं झाली होती. एका जनुकात ११९ अक्षरांचा एकच इंट्रॉन, दुसऱ्यात तो आणि वर ४९९चा आणखी एक. माणसाचं जनुक १९८०मध्ये आलं. आणि १९८५च्या शोधनिबंधात खुणा मांडल्या गेल्या: रॅटच्या इन्स१च्या दोन्ही टोकांना ४१ अक्षरांचा सारखाच तुकडा, म्हणजे उपटसुंभ डीएनए घुसताना उमटणारी शिवण, आणि मागच्या बाजूला आरएनएच्या शेपटीचे अवशेष.

आता खरी गंमत. अशा नकला जीनोममध्ये ढिगाने सापडतात आणि बहुतेक मेलेल्या असतात. का? जनुक चालू करायचं बटण, म्हणजे प्रोमोटर, आरएनए सुरू होतं त्याच्या आधी असतं. ते आरएनएत येतच नाही. नक्कल बटणाशिवाय जाते आणि पडून कुजते. इन्स१ जगलं कसं? तर ज्या आरएनएवरून नक्कल झाली ते चुकून नेहमीच्या जागेच्या निदान पाचशे अक्षरं आधीच सुरू झालं होतं. म्हणून बटणाचा मजकूरही सोबत गेला. दोन चुका एकाच वेळी, आणि तीही अशा पेशीत की जी पुढच्या पिढीत जाते. नाहीतर नक्कल त्याच उंदराबरोबर संपली असती.

मांडवीकाठ

बीजगणित, तुम्ही एकदा रॅट म्हणता, पिपेटवाली उंदीर म्हणतात. मराठीत दोघांनाही उंदीरच. की रॅट म्हणजे घूस? आमच्या घरामागे जे येतं ते मांजराला भीत नाही.

बीजगणित

घूस वेगळी, ती बँडिकूट. प्रयोगशाळेतला माऊस म्हणजे मुठीत मावणारा, वीस-पंचवीस ग्रॅमचा. रॅट त्याच्या दहापट किंवा जास्तच. दोघांतही इन्स१ आहे, म्हणजे नक्कल या दोघांच्या पूर्वजातच झाली. तुमच्या घरामागच्याचं जनुक मी पाहिलेलं नाही.

अवांतर: चिचुंद्री तर उंदरांच्या गणातलीही नाही. गणपतीच्या वाहनाचं शास्त्रीय नाव काय, यावर इथे पूर्वी मोठी मारामारी झाली आहे. कृपया परत नको.

तर्कटराव

एवढं सगळं वाचून माझा प्रश्न साधा आहे. ज्या प्राण्यात मूळ जनुकच दुप्पट आहे त्याच्यावर मधुमेहाचं संशोधन करून माणसाला काय मिळणार? दर आठवड्याला पेपरात बातमी: उंदरांचा मधुमेह बरा झाला. आबांची बाटली अजून फ्रिजमध्येच आहे.

रात्रपाळी

तर्कटराव, बातम्यांबद्दल सहमत. संशोधनाबद्दल नाही. मी बालरुग्णविभागात काम करते, दोन गोष्टी सांगते.

जपानमध्ये अकिता नावाची उंदरांची जात सापडली. त्यांच्या इन्स२मध्ये एकच चूक आहे: ९६व्या जागी सिस्टीनऐवजी टायरोसिन. इन्सुलिनच्या दोन साखळ्या सिस्टीनच्या जोड्यांनी एकमेकींना बांधलेल्या असतात, टाचणीने कापड अडकवावं तसं. एक टाचणी गेली की प्रथिन नीट घडी होत नाही.

आता हिशेब करा. उंदरात दोन जनुकं, प्रत्येकाच्या दोन प्रती, एकूण चार. एकच बिघडली, तीन धडधाकट. तरी त्या उंदरांना मधुमेह होतो, नरांना तर महिन्याभराच्या वयातच. आणि तुलना बघा: इन्स१ किंवा इन्स२ यातलं एक जनुक पूर्ण काढून टाकलं तर उंदराला मधुमेह होत नाही, दुसरं जनुक भार उचलतं. दोन्ही काढली तर पिल्लं जन्मल्यावर दोन दिवसांत मरतात. म्हणजे इन्सुलिन कमी पडणं हा अकिताचा मूळ आजारच नाही. वाकडी घडी झालेलं प्रथिन पेशीच्या आत साचतं आणि पेशीचा कारखाना गुदमरतो. हे या चार प्रतींमुळेच इतकं स्वच्छ दिसलं.

२००७मध्ये जन्मतःच मधुमेह असलेल्या बाळांत इन्सुलिन जनुकाच्या चुका सापडल्या. त्यांत एक हीच, ९६व्या जागची, सिस्टीनऐवजी टायरोसिन. क्रमांकसुद्धा तोच, कारण इन्स२ आणि माणूस दोघांचा मजकूर ११०चा आहे. इन्स१चा १०८चा, त्याच्या सी-पेप्टाइडमध्ये दोन अमिनो आम्लं कमी आहेत.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मधुमेह निघाला की आता जनुकीय तपासणी सुचवली जाते. त्या यादीत हे जनुक असतं.

तर्कटराव

हं. मुद्दा घेतला. बातम्यांबद्दलचं मत कायम.

पिपेटवाली

रात्रपाळी, दोन अमिनो आम्लं कमी म्हणजे सहा अक्षरं कमी! म्हणजे माझ्या जेलवर इन्स१चा बँड सहा अक्षरांनी आखूड होता. दोन टक्क्यांच्या ॲगरोज जेलमध्ये ते ब्रह्मदेवालाही दिसलं नसतं. थोडी मनःशांती मिळाली.

थायमसप्रेमी

तर्कटरावांच्या प्रश्नाची दुसरी बाजू मी मांडतो, कारण एका ठिकाणी उंदीर खरोखरच फसवतो: टाइप १ मधुमेह.

टाइप १मध्ये शरीराचीच रोगप्रतिकारक यंत्रणा बीटा पेशींवर उलटते. असं होऊ नये म्हणून छातीतल्या थायमस ग्रंथीत टी पेशींची शाळा भरते. तिथे त्यांना शरीराच्या वस्तू थोड्या थोड्या दाखवतात. जो घरच्या माणसावर भुंकेल त्याला बाद करतात. इन्सुलिनही दाखवतात.

उंदराच्या थायमसमध्ये दाखवलं जातं ते मुख्यतः इन्स२. इन्स१ जवळपास फक्त स्वादुपिंडात बनतं. मधुमेह आपसूक होणाऱ्या एनओडी उंदरांत इन्स२ काढलं की रोग लवकर येतो, इन्स१ काढलं की बहुतेक उंदीर वाचतात. दोन जनुकं, एकाच संप्रेरकाची, आणि परिणाम एकदम उलटे.

माणसाकडे ही वाटणी नाही. एकच जनुक, तेच शाळेत, तेच कामावर. पण आपल्याकडे त्याच्या अलीकडे असं काही आहे जे उंदराकडे नाही: १४-१५ अक्षरांचा एक तुकडा परत परत, ताशासारखा. काहींत २६ ते ६३ वेळा, काहींत दीडशे-दोनशेच्या घरात. लांब आवृत्ती असणाऱ्यांच्या थायमसमध्ये इन्सुलिन जास्त बनतं आणि त्यांना टाइप १चा धोका कमी. आखूडवाल्यांना जास्त. म्हणजे शाळेत किती शिकवायचं, हा प्रश्न दोन्हीकडे तोच. उंदरात तो दोन जनुकांत विभागलाय, आपल्यात जनुकाच्या उंबऱ्यावरच्या पुनरुक्तीत. नुसते एक्झॉन-इंट्रॉन जुळवत बसलं तर ही तुलना हातातून निसटते.

चिकित्सक

‘ताशासारखा’ आवडलं. आणि मूळ-नकलेबद्दलचा माझा आक्षेप मागे घेतो. तारीख लिहून ठेवा, असं वारंवार होत नाही.

आबा_सातारकर

मला एवढंच सांगा, उंदराचं इन्सुलिन मला चालेल का? पूर्वी आम्हाला डुकराचं नि गाईचं मिळायचं, म्हणून विचारतोय.

रात्रपाळी

आबा, डुकराचं इन्सुलिन आपल्यापेक्षा एकाच जागी वेगळं, बी साखळीच्या शेवटच्या कडीत. गाईचं तीन जागी. उंदराची दोन्ही चार चार जागी, ५१पैकी. त्यातल्या तीन जागा दोघांत समान, चौथी ज्याची त्याची: इन्स१मध्ये बी साखळीची नववी कडी, इन्स२मध्ये एकोणतिसावी. साखर उतरेल, पण तुमचं शरीर त्याला परकं ठरवू शकेल. आता तो प्रश्नच नाही, माणसाच्या जनुकाचा मजकूर जंतूंत घालून १९७८मध्ये इन्सुलिन बनवलं गेलं आणि १९८२पासून ते औषध म्हणून मिळतंय. जंतूला इंट्रॉन कापता येत नाहीत, म्हणून त्याला हिशेब गाळलेली स्वच्छ कृतीच द्यावी लागते.

बाटली दारात ठेवू नका, दार सतत उघडतं. आतल्या मधल्या फळीवर ठेवा. आणि बर्फाच्या कप्प्याला चिकटवू नका, गोठलेलं इन्सुलिन टाकून द्यायचं.

आबा_सातारकर

हलवली. कोथिंबीर एकटी पडली.

पिपेटवाली

अपडेट. आरएनएला आधी डीएनेझ, म्हणजे डीएनए खाऊन टाकणारं एन्झाइम, दिलं. नवे प्रायमर मागवले: एक थेट पहिल्या नि दुसऱ्या एक्झॉनच्या सांध्यावर, कारण पहिला इंट्रॉन दोन्ही जनुकांत आहे, आणि दुसऱ्या बाजूचे दोन वेगवेगळे, इन्स१चा इन्स१लाच चिकटेल आणि इन्स२चा इन्स२लाच असे. आज दुपारी जेल चालवलं. आरटी घातलेल्या लेनमध्ये एकेक सुबक बँड. आरटी नसलेल्या लेनमध्ये मिट्ट काळोख. सीनियर फोटो बघून ‘हं’ म्हणाला. त्याच्याकडून एवढं म्हणजे खूप झालं.

आबा_सातारकर

काळोख म्हणजे चांगलं ना?

पिपेटवाली

हो आबा. त्या लेनमध्ये काळोखच हवा.